कोणीतरी आपल्या वाईटावर आहे

लंडनच्या भुयारी रेल्वेचा एक डबा. काही प्रवासी बसलेले, काही उभे. गाडी एका स्टेशनवरून सुटते आणि चार मिनिटांत पुढच्या स्टेशनात शिरते. तेवढ्या वेळात विशेष असं काहीच घडत नाही. कोणी मान वळवतं, कोणी क्षणभर नजर वर करतं, नजरानजर झाली तर एखादा किंचित हसतो.

हा डबा प्रयोगशाळेतल्या एका खोलीत होता. डोक्यावर यंत्र चढवलं की तो चहूबाजूंनी दिसू लागायचा. त्यातले प्रवासी संगणकाने घडवलेले होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन (पुढे ते ऑक्सफर्डला गेले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० सर्वसामान्य माणसांना या डब्यातून फिरवून आणलं आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येकाला दिसलेले प्रवासी तेच होते, त्यांच्या हालचालीही त्याच. बहुतेकांना ते साधेसुधे किंवा चक्क मनमिळाऊ वाटले. पण सुमारे ४० टक्के लोकांच्या मनात निदान एक तरी संशय येऊन गेला: हा माझ्याकडे रोखून बघतोय, ती मला हसतेय, याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे.

प्रयोगाची खरी हुशारी आभासी डब्यात आहे. खऱ्या डब्यात एखादा माणूस म्हणाला, ‘तो माझ्याकडे वाईट नजरेने बघत होता’, तर ते खरं की खोटं हे कोण ठरवणार? कदाचित बघतही असेल. संगणकातल्या प्रवाशांना मात्र मनच नाही, त्यामुळे हेतूही नाही. तिथे कोणाला हेतू दिसला, तर तो पाहणाऱ्याने स्वतःच्या मनातून आणलेला, हे आधीच पक्कं. मग पाहायचं एवढंच, की तो कोणाला दिसला. ज्यांचा स्वभाव काळजी करण्याचा, जे चिंतेने ग्रासलेले, ज्यांना स्वतःविषयी फारसं बरं वाटत नाही, त्यांना तो जास्त दिसला.

त्याआधी २००५ मध्ये फ्रीमन यांनी बाराशेच्या आसपास विद्यार्थ्यांना संशयाबद्दल प्रश्न विचारले होते. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांना असे विचार नेमाने येत होते. उत्तरं मांडल्यावर एक उतरंड दिसली. तळाशी ‘लोक मला काय म्हणतील’ ही आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेली धास्ती. तिच्यावर ‘माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल बोलतात’. त्यावर ‘मला मुद्दाम त्रास देतात’. अगदी टोकाला ‘माझ्या जिवावर उठलेत, त्यांचा कट शिजतोय’. वर जावं तशी माणसं कमी होत जातात, पण मधे कुठे भिंत नाही. आजारी माणसं एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला, अशी रेघ इथे मारता येत नाही. मला हा या संशोधनाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण पुढची सगळी उपचारपद्धती यावरच उभी राहिली.

संशय ही मुळात वाईट गोष्ट नाहीच. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घेऊ नकोस, हे आपणच मुलांना शिकवतो. फोनवर बँकेचं नाव सांगणाऱ्याला ओटीपी देऊ नका, असं आईवडिलांना बजावतो. जगात फसवणारे, छळणारे लोक आहेत, आणि त्यांच्या मनातलं आपल्याला थेट दिसत नाही. तेव्हा प्रत्येक वेळी अंदाजच करावा लागतो. हा अंदाज पुन्हा पुन्हा धोक्याच्या बाजूला झुकू लागला, त्याला पुराव्याची गरज उरली नाही आणि उलट पुरावा समोर येऊनही तो हलेना, की त्याला पॅरानोइया म्हणायचं. त्याच्या टोकाच्या रूपात, म्हणजे छळभ्रमात, दोन गोष्टी असतात: आपल्याला इजा होते आहे किंवा होणार आहे ही खात्री, आणि ती कोणीतरी जाणूनबुजून करतं आहे ही खात्री. स्किझोफ्रेनियासारख्या आजारांत सर्वाधिक आढळणाऱ्या भ्रमांपैकी हा एक आहे.

वैद्यकाच्या इतिहासात असा एक रुग्ण आहे, ज्याच्या भ्रमाची नोंद दोनशेहून अधिक वर्षं जपली गेली आहे. जेम्स टिली मॅथ्यूज हा लंडनमधला चहाचा व्यापारी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत इंग्लंड आणि फ्रान्समध्ये तह घडवून आणावा म्हणून तो पॅरिसला खेपा घालू लागला. तिथल्या क्रांतिकारी सरकारला तो हेर वाटला आणि त्याला सुमारे तीन वर्षं कैदेत काढावी लागली. १७९६ मध्ये सुटून तो लंडनला परतला, संसदेच्या सज्जात जाऊन ‘देशद्रोह’ असं ओरडला, आणि पुढच्याच वर्षी त्याची रवानगी बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात झाली. त्याचं म्हणणं असं, की लंडनमधल्या एका तळघरात एक टोळी लपून बसली आहे. तिच्याकडे ‘हवेचा माग’ नावाचं यंत्र आहे. त्यातून वायूंच्या अदृश्य लहरी सोडून ते लोक मंत्र्यांची आणि आपली मनं ताब्यात घेतात, शरीराला यातना देतात. टोळीतल्या सात जणांची त्याने वर्णनं दिली. कोणी ‘बिल द किंग’, कोणी ‘जॅक द स्कूलमास्टर’, एक हातमोजेवाली बाई. यातनांनाही नावं होती. यंत्राचा तपशीलवार आराखडा त्याने स्वतः काढला.

बेथलेमचा औषधव्यवस्थापक जॉन हॅस्लम याने १८१० मध्ये मॅथ्यूजवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. एकाच मनोरुग्णावर लिहिलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. त्याचा हेतू समजून घेण्याचा नव्हता. मॅथ्यूज शहाणा आहे असं म्हणणाऱ्या डॉक्टरांना तो ठार वेडा आहे हे दाखवून द्यायचं होतं. हॅस्लमने यंत्राची सगळी वर्णनं छापली. पण तीन वर्षं परक्या तुरुंगात, आज गळा कापतील की उद्या या भीतीत काढलेल्या माणसाला आपल्याभोवती शत्रूंचं जाळं का दिसू लागलं असेल, हा प्रश्न त्याने कधी घेतलाच नाही.

पुढची शंभर-दीडशे वर्षं हा प्रश्न असाच बाजूला राहिला. जर्मन मनोविकारतज्ज्ञ आणि तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ मध्ये आपल्या ग्रंथात म्हटलं, की खरा भ्रम हा समजण्यापलीकडचा असतो. माणसाच्या आयुष्यातून, त्याच्या स्वभावातून त्याचा उलगडा करता येत नाही. यास्पर्स फार मोठे विचारवंत होते आणि त्यांचं निरीक्षण बारीक होतं. पण त्यांच्या या एका वाक्याचा दवाखान्यात जो अर्थ लावला गेला, तो रुग्णांना महागात पडला. भ्रमाबद्दल रुग्णाशी बोलू नये, बोललं तर तो आणखी पक्का होतो, अशी शिकवण रूढ झाली. रुग्ण सांगू लागला की डॉक्टर विषय बदलत. ज्या गोष्टीने त्याची झोप उडवली आहे, नेमकी तीच ऐकायला कोणी तयार नसे.

या शिकवणीला पहिला छेद गेला तो अमेरिकेत. पुढे संज्ञानात्मक उपचारपद्धतीचे जनक म्हणून ओळखले गेलेले एरन बेक यांनी १९५२ मध्ये एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. सैन्यातून परतलेला हा तरुण सरकारी गुप्तहेर आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं मानत होता. बेक यांनी ना त्याला खोटं पाडलं, ना विषय टाळला. ही माणसं कोण, कशी वागतात, कशावरून तू त्यांना हेर म्हणतोस, हे त्याच्यासोबत बसून धीराने तपासलं. हळूहळू त्याच्या यादीतली माणसं कमी होत गेली. हे काम त्या वेळी जवळजवळ कोणाच्या नजरेत भरलं नाही. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये फिलिपा गॅरेटी, डेव्हिड फाउलर, एलिझाबेथ कायपर्स यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी हा धागा पुन्हा हाती घेतला.

आता कारणांकडे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रेंडन माहर यांनी १९७४ मध्ये एक वेगळीच गोष्ट सुचवली. भ्रम असलेल्या माणसाचं तर्कशास्त्र बिघडलेलं नसेलही. त्याला येणारा अनुभवच विचित्र असेल, आणि त्या अनुभवाचं तो आपल्यासारखंच स्पष्टीकरण शोधत असेल. फिलिप झिम्बार्डो यांनी याची चाचणी घेतली. काही तरुणांना संमोहित करून, जागे झाल्यावर त्यांना कमी ऐकू येईल अशी सूचना दिली आणि ही सूचना दिल्याचं विसरायला लावलं. मग त्यांना दोन अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत बसवलं. ते दोघे आपसात गप्पा मारत होते, हसत होते. ऐकू का येत नाही हे माहीत नसलेले हे तरुण चिडचिडे झाले, त्या दोघांशी फटकून वागू लागले आणि संशयाच्या मोजणीत वरचढ ठरले. ज्यांना कमी ऐकू येण्याचं कारण ठाऊक होतं, त्यांच्यात तसं झालं नाही. १९८१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा प्रयोग छापून आला.

आपल्या घरांतून हे दृश्य नवं नाही. आजोबांना कमी ऐकू येऊ लागतं, पण ते मान्य नसतं. मुलगा आणि सून स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलली की बाहेरून प्रश्न येतो, ‘माझ्याबद्दलच चाललं होतं ना?’ वाक्यं तुटक ऐकू येतात, मधल्या जागा मन भरून काढतं, आणि भरून काढताना आधीपासून मनात असलेली भीतीच वापरतं.

विचित्र अनुभव रासायनिक वाटेनेही येतो. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १२१ निरोगी स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. त्यांतल्या काहींना गांजातला मुख्य अंमली घटक, टीएचसी, शिरेतून दिला आणि काहींना नुसतं पाणीवजा इंजेक्शन. टीएचसी मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना संशयाचे विचार आले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३० टक्के होतं. मात्र टीएचसी थेट संशयाला जन्म देत नव्हतं. त्याने आवाज मोठे, रंग वेगळे वाटत होते, वेळेचं भान बदलत होतं, आणि त्याच वेळी काळजी वाढत होती, स्वतःबद्दल वाईट वाटू लागत होतं. संशय या दोन्हींच्या मिळणीतून उगवत होता.

मेंदूच्या बाजूने याला जोड मिळाली ती शितिज कपूर यांच्या मांडणीची. मूळचे भारतातले हे मनोविकारतज्ज्ञ पुढे किंग्ज कॉलेज लंडनचे कुलगुरू झाले. २००३ मध्ये त्यांनी लिहिलं, की डोपामिन हे रसायन आपल्या आजूबाजूच्या असंख्य गोष्टींतल्या कोणत्या महत्त्वाच्या, हे मनात ठळक करतं. ते भलत्या वेळी, भलत्या जागी स्रवू लागलं, तर रस्त्यावरची लाल गाडी, शेजाऱ्याचं खाकरणं, बातमीदाराचा एखादा शब्द, काहीही अर्थपूर्ण भासू लागतं. हे माझ्याशी संबंधित आहे, असं आतून जाणवतं. मग मन त्या जाणिवेला कथा जोडतं. गोळ्यांनी हा खोटा ठळकपणा ओसरतो, म्हणून गोळ्या लागतात आणि अनेकांना त्यांनी मोठा आराम पडतो. पण आधी जोडली गेलेली कथा गोळीने पुसली जात नाही. ‘अजून तसंच वाटतं, पण आता त्याचं इतकं काही वाटत नाही,’ अशा अर्थाचं रुग्णांचं बोलणं त्यामुळेच समजण्याजोगं आहे.

विचित्र अनुभव आला तरी थोडं थांबून दुसरी शक्यता तपासता येते. इथे मण्यांचा प्रयोग येतो. १९८८ मध्ये हुक, गॅरेटी आणि हेम्सली यांनी तो भ्रम असलेल्या रुग्णांवर केला. दोन बरण्या. एकीत एका रंगाचे ८५ आणि दुसऱ्या रंगाचे १५ मणी, दुसरीत बरोबर उलट. दोन्ही बरण्या नजरेआड करून एकीतून एकेक मणी काढून दाखवायचा. बरणी कोणती, याची खात्री पटली की सांगायचं. हवे तेवढे मणी मागता येतात, घाई कोणीच करत नाही. तरी भ्रम असलेल्या रुग्णांनी इतरांपेक्षा कमी मण्यांवर निर्णय दिला. पुढच्या अनेक अभ्यासांतही असंच दिसलं, की अशा रुग्णांपैकी बरेच जण एक-दोन मण्यांवरच थांबतात. मुद्दा बुद्धीचा कमी, पुरावा गोळा करण्याच्या सवयीचा जास्त. सवय असल्यामुळे ती बदलताही येते.

स्वतःबद्दलचं मत ही याहून खोल गोष्ट. २०१४ मध्ये फ्रीमन यांनी संशयाकडे कल असलेल्या ६० स्त्रियांना आभासी रेल्वेतून दोनदा प्रवास घडवला. एकदा नेहमीच्या उंचीवरून, एकदा २५ सेंटिमीटरने, म्हणजे साधारण डोक्याएवढ्या उंचीने, बुटकं करून. डबा तोच, प्रवासी तेच. उंची कमी झाली तेव्हा त्या स्वतःला इतरांपेक्षा हलकं, दुबळं समजू लागल्या आणि प्रवाशांविषयीचा संशय वाढला. आपण कमी आहोत असं वाटलं, की आपल्याला कोणीही चिरडू शकेल हे ओघानेच येतं. लहानपणी शाळेत झालेला छळ, घरातली मारहाण, समाजात वाट्याला आलेली हेटाळणी यांमुळे पुढे संशयाचा धोका वाढतो, त्याची एक वाट इथून जाते. अशा माणसाचा संशय आजच्या शेजाऱ्यापुरता चुकीचा असेल. कधीकाळी तो अगदी बरोबर होता.

याच्या जोडीला काळजी आणि जागरण. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६८ निरोगी माणसांची झोप तीन रात्री चार-चार तासांवर आणली गेली, आणि त्यांच्यातले संशयाचे विचार वाढले. छळभ्रमाच्या रुग्णांत निद्रानाश सर्रास असतो. बरीच वर्षं त्याकडे आजाराचं लक्षण म्हणून पाहिलं गेलं, भ्रम गेला की झोप येईल असं धरून. उलटी वाट खरी असू शकते, हे कोणी फारसं तपासलं नव्हतं. काळजीचंही तसंच. पहाटे तीनला जागा असलेला माणूस एकाच प्रसंगाची उजळणी करत राहतो, प्रत्येक उजळणीत शेवट थोडा अधिक भयंकर होतो, आणि सकाळपर्यंत शक्यतेची खात्री झालेली असते.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते शेवटचं कारण: स्वतःला वाचवण्यासाठी माणूस जे करतो ते. फ्रीमन, गॅरेटी आणि कायपर्स यांनी रुग्णांना विचारलं, की धोका टाळण्यासाठी तुम्ही काय करता? जवळजवळ प्रत्येक जण काही ना काही करत होता. समजा, इंग्लंडमधल्या एखाद्या गावातला चाळिशीचा माणूस आहे. गल्लीतली पोरं आपल्याला भोसकणार अशी त्याची खात्री आहे. तो दुकानात रात्री उशिरा, गर्दी नसताना जातो. टोपी कपाळावर ओढतो, मान खाली, चाल भरभर. पैसे मोजलेले, हातात तयार. कोणाशी नजर मिळवत नाही, परत येताना दोनदा मागे वळून पाहतो, घरात शिरताच दोन कड्या लावतो. आजही हल्ला झाला नाही. यातून त्याने काय निष्कर्ष काढावा? धोका नव्हता, असा नाही. ‘मी सावध होतो म्हणून वाचलो,’ असा. त्यातून अपरात्री तोंड झाकून लगबगीने जाणाऱ्या माणसाकडे लोक खरोखरच वळून पाहतात. ते पाहणं त्याच्या हिशेबात जमा होतं.

प्रत्येक दिवस त्याची समजूत खोटी पाडू शकला असता, पण त्याच्या सावधगिरीने तसं होऊ दिलं नाही. म्हणूनच त्याला कोणी कितीही समजावलं, तरी उपयोग होत नाही. त्याच्याकडे वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, समजावणाऱ्याकडे फक्त शब्द.

या विचारातून उपचाराची दिशा बदलली. भ्रमाला थेट हात घालून त्याचं खंडन करत बसण्यापेक्षा, त्याला टेकू देणाऱ्या गोष्टी एकेक करून काढायच्या, आणि सुरक्षित असल्याचा नवा अनुभव उभा करायचा. ब्रिटनमध्ये २००२ पासून स्किझोफ्रेनियाच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत बोलण्यावर आधारलेला संज्ञानात्मक उपचार आहे, पण त्याचा परिणाम सरासरीने माफकच होता. फ्रीमन यांनी ठरवलं, की एका वेळी एकच टेकू घ्यायचा, तो काढता येतो का पाहायचं, आणि तो काढल्यावर भ्रम हलतो का हे मोजायचं.

काळजीपासून सुरुवात झाली. गोळ्या चालू असूनही छळभ्रम टिकून असलेल्या १५० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा बैठकांचा उपचार मिळाला. त्यात शत्रू खरे की खोटे, हा विषयच काढायचा नव्हता. काळजीने आजवर काय मिळालं, काय गमावलं, हे पाहायचं. दिवसातली एक ठरावीक वेळ काळजीसाठी राखून ठेवायची, बाकीच्या वेळी ती आली की त्या वेळेवर ढकलायची. रिकामे, एकटे तास हळूहळू काहीतरी करण्याने भरायचे. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: काळजी कमी झाली आणि तिच्यामागोमाग छळभ्रमही सैल झाला. ज्याला आपण हातही लावला नव्हता, तो हलला.

झोपेच्या बाबतीतला पुरावा याहून मोठा. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या, झोपेची तक्रार असलेल्या ३,७५५ विद्यार्थ्यांनी एका अभ्यासात भाग घेतला. निम्म्यांना इंटरनेटवरून निद्रानाशाचा मानसशास्त्रीय उपचार दिला: उठण्याची वेळ पक्की, अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप येत नसेल तर उठून बसायचं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात झोप सुधारलेल्या गटात संशयाचे विचारही कमी झाले.

सावधगिरी सोडून देण्याचा प्रयोग पुन्हा आभासी जगात झाला, कारण तिथे पहिलं पाऊल टाकणं सोपं जातं. २०१६ मध्ये छळभ्रमाच्या ३० रुग्णांना आभासी रेल्वेत आणि लिफ्टमध्ये नेलं. एका गटाला नेहमीसारखंच, स्वतःचा बचाव करत राहायला सांगितलं. दुसऱ्या गटाला म्हटलं, बचाव सोडा. माणसांजवळ जा, त्यांच्या डोळ्यांत पाहा, अंतर ठेवू नका. एकूण वेळ जेमतेम अर्धा तास. दिवसअखेर दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांचा भ्रम तीव्र पातळीच्या खाली आला होता, पहिल्या गटात हे प्रमाण साधारण पाचात एक. त्या दिवशी खऱ्या रस्त्यावर जाऊन आलेल्यांची घालमेलही कमी झालेली होती.

या सगळ्यातून ‘फीलिंग सेफ’ हा कार्यक्रम तयार झाला. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. १३० रुग्ण, सगळ्यांचा भ्रम निदान तीन महिने टिकलेला, आणि त्याच्या खरेपणाबद्दल निदान ६० टक्के खात्री असलेले. झोप, काळजी, आत्मविश्वास, कानात येणारे आवाज असे वेगवेगळे भाग होते आणि सुरुवात कुठून करायची, हे रुग्ण उपचारकाच्या मदतीने स्वतः ठरवायचा. सुरक्षिततेचा भाग शेवटी. त्या वेळी उपचारक रुग्णासोबत बाहेर पडतो. दोघे बसमध्ये बसतात, दुकानात जातात, टोपी काढून, मान वर करून, आणि काय होतं ते पाहतात. सहा महिन्यांनी हा कार्यक्रम मिळालेल्या गटातल्या सुमारे निम्म्या रुग्णांना भ्रमातून बाहेर पडलेलं म्हणता आलं. गोळ्यांना दाद न देणाऱ्या भ्रमांसाठी ही मजल मोठी आहे.

या चाचणीतला दुसरा गटही विसरता कामा नये. त्यांना ठरलेल्या वेळी एक माणूस भेटायचा आणि गप्पा मारायचा, फुटबॉल, संगीत, कुठलाही निरुपद्रवी विषय. उपचार असा नाहीच. त्यांच्यातही सुधारणा झाली, पहिल्या गटापेक्षा कमी, पण झाली. ज्याच्या जगात सगळे शत्रू आहेत, त्याच्यापाशी कोणीतरी नेमाने येऊन तासभर आपुलकीने बसतं, हेच त्याच्या समजुतीच्या विरोधातला पुरावा ठरत असावं, असं मला वाटतं.

असे उपचारक सगळीकडे पुरेसे नाहीत, ब्रिटनमध्येही नाहीत. म्हणून फ्रीमन यांच्या ऑक्सफर्डच्या गटाने ‘गेमचेंज’ नावाचा कार्यक्रम रचला. त्यात आभासी जगातली एक प्रशिक्षक स्वतःच सूचना देते: आधी कॅफे, मग डॉक्टरांची प्रतीक्षाखोली, बस, रस्ता, दुकान. शेजारी एक कर्मचारी असतो, पण तो तज्ज्ञच असायला हवा असं नाही. सायकोसिसमुळे, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या मनोविकारामुळे, घराबाहेर पडणं टाळणाऱ्या ३४६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, २०२२ मध्ये निष्कर्ष आले, आणि घराबाहेर पडणं ज्यांना सर्वांत अवघड जात होतं, त्यांनाच सर्वाधिक फायदा झाला.

आपल्याकडे बहुतेक वेळा हे ओझं घरच्यांवर येतं. मुलगा म्हणतो, ‘आई, वरच्या मजल्यावरचे लोक मुद्दाम रात्री आवाज करतात, त्यांना मला इथून घालवायचंय.’ आई म्हणते, ‘अरे, काहीतरीच काय! चांगली माणसं आहेत ती.’ तिचं बरोबर असतं, पण मुलाला ऐकू येतं ते एवढंच, की आईही त्यांना सामील आहे किंवा तिला आपली पर्वा नाही. त्याला दुजोराही देऊ नये, उद्या त्याच आधारावर तो वर जाऊन भांडेल. वरचे लोक खरंच तसं करतात का, हा वाद बाजूला ठेवून त्याच्या भीतीबद्दल बोलता येतं. ‘तुला किती भीती वाटत असेल. काल रात्री झोपलास का जरा?’ या प्रश्नाचं उत्तर तो बहुधा देतो. झोपेची तक्रार घेऊन डॉक्टरकडे जायला माणूस तयार होतो, ‘तुला वेड लागलंय’ म्हणून नेलं तर होत नाही. आणि झोप हा काही बहाणा नाही, तो उपचाराचा खरा भाग आहे.

डॉक्टरांना सांगताना भ्रमाची गोष्ट थोडक्यात सांगावी आणि बाकीचं नीट सांगावं: किती तास झोप, केव्हापासून घराबाहेर पडलेला नाही, काय काय टाळतो, गांजा किंवा दारू आहे का, कानाची तपासणी केव्हा झाली, कानात आवाज येतात का, पूर्वी कोणी छळलं होतं का. गोळ्या सुरू झाल्यावर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नयेत. गावात मनोविकारतज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलीमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतूनही, बोलता येतं. अन्नात विष घातलंय म्हणून जेवण सोडलं असेल, उशाला सुरी ठेवून झोपत असेल, किंवा स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा तोंडात येत असेल, तर फोनवर आणि समजुतीवर न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.